जहाजाचा प्रवासी आणि पासपोर्ट

पहिल्या महायुद्धापर्यंत मुंबईहून विलायतेच्या बोटीत चढायला तिकीट पुरत असे. हज यात्रेकरूंसाठी पास होते, करारावर मळ्यांत जाणाऱ्या मजुरांची नोंद होई. एरवी कागदपत्रे मागण्याची रीत नव्हती. ब्रिटिश प्रजाजनाने साम्राज्यात कुठेही जावे, असे निदान तत्त्वतः मानले जाई.

त्या तत्त्वाला कॅनडाने बगल दिली. हिंदी लोकांना उघड बंदी घालणे अडचणीचे होते, म्हणून १९०८ मध्ये नियम झाला : मायदेशातच काढलेल्या थेट तिकिटावर सलग प्रवास करून आलेल्यालाच प्रवेश. भारतातून असे तिकीट मिळतच नव्हते. शिवाय प्रत्येकाजवळ २०० डॉलर हवेत.

गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेली ‘कोमागाता मारू’ ही जपानी बोट २३ मे १९१४ रोजी व्हँकूवरला आली. ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबी शीख. पूर्वी कॅनडात राहिलेले वीसेक जण तेवढे उतरू शकले. बाकीचे दोन महिने, किनारा समोर दिसत असताना, बोटीवरच अडकले. अन्नपाण्याचे हाल झाले. १९ जुलैला पोलीस बोटीवर चढू लागले, तेव्हा प्रवाशांनी कोळसा आणि विटा फेकून त्यांना परतवले. अखेर युद्धनौका आणून २३ जुलैला बोट हाकलली. बोट भारतात परतल्यावर कोलकात्याजवळ बजबज येथे २९ सप्टेंबरला झालेल्या गोळीबारात सुमारे वीस प्रवासी मेले. त्यांच्यावर झालेला हा घोर अन्याय होता.

प्रवाशाला परक्या धक्क्यावर अडवण्यापेक्षा निघतानाच अडवणे सरकारला सोयीचे वाटू लागले. १९१७ मध्ये भारत संरक्षण कायद्याखाली समुद्रमार्गे जाण्या-येण्यासाठी पासपोर्टची सक्ती झाली. युद्ध संपले तरी ती उठली नाही. १९२० मध्ये भारतात प्रवेशासाठी स्वतंत्र कायदा आला. त्याच वर्षी पासपोर्टविषयी पॅरिसला भरलेल्या परिषदेने ३२ पानी पुस्तिकेचा नमुना ठरवला.

पासपोर्ट देणे-नाकारणे मात्र सरकारच्या मर्जीवरच राहिले. एप्रिल १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला.

आजच्या क्रूझवर कागदपत्रांचा हिशेब बंदरागणिक होतो. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या भारतीय प्रवाशाला पासपोर्ट लागत नाही. पण मुंबईला उतरून, कोलंबोला जाऊन कोचीला परतणाऱ्या परदेशी प्रवाशाचा भारतात दुसरा प्रवेश होतो; त्याला एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही.