अंतराळातून गवताचं वजन कसं करतात?

कोकणातल्या खाड्यांच्या काठी खारफुटी असते. थंड आणि समशीतोष्ण किनाऱ्यांवर तिची जागा बहुतेक ठिकाणी गवताळ खाऱ्या दलदली घेतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचा किनारा अशाच दलदलींसाठी ओळखला जातो. तिथलं मुख्य गवत म्हणजे स्पार्टिना. ते लाटांचा जोर कमी करतं, चिखल धरून ठेवतं आणि जमिनीत कार्बन साठवतं. म्हणूनच ते किती आहे, हे मोजावं लागतं. यालाच जैवभार किंवा बायोमास म्हणतात.

मोजणी कशी होते?

आधी चिखलात उतरावं लागतं. ठरावीक मापाची चौकट ठेवून आतलं गवत कापतात, वाळवतात आणि वजन करतात. उत्तर मिळतं दर चौरस मीटरला अमुक ग्रॅम.

मग उपग्रहाचं काम सुरू होतं. हिरवी पानं लाल प्रकाश शोषतात आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परावर्तित करतात. या दोन्हींच्या प्रमाणातून 'एनडीव्हीआय' हा निर्देशांक काढतात. तो −1 ते 1 च्या दरम्यान असतो. प्रत्यक्ष वजन आणि निर्देशांक यांचा मेळ घालून समीकरण तयार होतं आणि ते संपूर्ण किनाऱ्याला लावता येतं.

अडचणी कोणत्या?

• भरती: पाणी निकट-अवरक्त प्रकाश शोषतं. त्यामुळे भरतीच्या वेळी गवत आहे त्यापेक्षा कमी दिसतं. अशी चित्रं वगळावी लागतात.
• बारकावा: लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका 30 मीटर बाय 30 मीटरचा असतो. त्यात गवत, चिखल आणि ओहोळ एकत्र येतात.
• दाटी: गवत फार दाट झालं की निर्देशांक फारसा वाढत नाही.

यातून काय कळलं?

1984 मध्ये सोडलेल्या लँडसॅट 5 च्या 28 वर्षांच्या चित्रांवरून जॉर्जियाच्या मध्य किनाऱ्यावर स्पार्टिनाचा जैवभार घटल्याचं दिसलं. दुष्काळ हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण होतं.

हिरवं म्हणजे सुदृढ?

तसं नाही. दलदलीची माती टिकते ती मुळांमुळे, आणि मुळं उपग्रहाला दिसत नाहीत. म्हणून संशोधक पानांची स्थिती, तापमान, जमिनीची उंची, पाण्याखाली राहण्याचा काळ अशा माहितीवरून मुळांचा अंदाज बांधतात. 2014 ते 2023 या काळाच्या अशा अभ्यासात जॉर्जियाच्या बऱ्याच भागात वरचं गवत टिकून किंवा वाढत असतानाच मुळं मात्र घटत असल्याचं आढळलं. मुळं कमी झाली की माती खचते आणि वाढत्या समुद्रपातळीपुढे दलदल बुडू शकते. वरून हिरवीगार दिसणारी जागा आतून पोखरलेली असू शकते, हे वेळीच कळलं तर ती वाचवायला अवधी मिळतो.