तळटीप : व्हारकॅर आणि लांबीचा हिशेब

१. व्हारकॅर : ओरॅकलच्या प्रो-सी प्रीकंपायलरमधील डेटा-प्रकार. सी भाषेत स्ट्रिंगचा शेवट शून्य बाइटवरून कळतो; ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएल भाषेत लांबी वेगळी नोंदलेली असते. म्हणून प्रीकंपायलर व्हारकॅरचे दोन घटकांचे स्ट्रक्चर करतो : एकात लांबी, दुसऱ्यात मजकूर. मूल्य पाठवण्यापूर्वी लांबी भरणे प्रोग्रामरचे काम. पीएल/एसक्यूएलकडून उत्तर घ्यायचे असले, तरी लांबीच्या घटकात कमाल लांबी आधी भरावी लागते. परतलेल्या मजकुराला शून्य बाइटही प्रोग्रामरनेच जोडायचा. त्यासाठी एक जागा राखून ठेवावी. ही लांबी बाइटांत असते, हे मराठी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘पुणे’ शब्दात उकार-मात्रेसह ४ चिन्हे, म्हणजे १२ बाइट. शून्य बाइट धरून १३. — संपा.