प्रणाली पुनर्स्थापन
प्रणाली पुनर्स्थापन : मंदावलेल्या वा बेभरवशाच्या झालेल्या संगणकातील परिचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) मूळ प्रतीवरून नव्याने भरण्याची क्रिया. आपल्याकडील दुरुस्तीच्या दुकानांत तिला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. वास्तविक तबकडी कोरी करणे हा तिचा केवळ पूर्वभाग होय.

आरंभी ही क्रिया दुरुस्तीची नसून नित्याची होती. १९६५ मध्ये आलेल्या पीडीपी-८ या अमेरिकन लघुसंगणकात चालक दर्शनी फलकावरील बटणे वरखाली करून मोजक्या आज्ञा हाताने भरी व त्यांच्या साहाय्याने छिद्रित कागदी फितीवरील आज्ञावली वाचली जाई. सदोष आज्ञावलीने स्मृतीतील या आज्ञा बिघडविल्या, की त्या पुन्हा भरल्या जात.

फ्लॉपी तबकडीचा जन्मही याच गरजेतून झाला. आयबीएमच्या सिस्टिम/३७० श्रेणीतील (१९७०) काही संगणकांत नियंत्रणाच्या सूक्ष्म आज्ञा अर्धसंवाहक स्मृतीत ठेवलेल्या असत. ही स्मृती बदलता येई, परंतु वीज जाताच रिकामी होई. त्या आज्ञा पुन्हा भरण्यासाठी सॅन होसे (कॅलिफोर्निया) येथे डेव्हिड नोबल यांच्या गटाने सु. २० सेंमी. व्यासाची व सु. ८० किलोबाइट धारणक्षमतेची स्वस्त तबकडी तयार केली (१९७१). ग्राहकाच्या यंत्रावर ती केवळ वाचता येई.

१९८३ च्या पीसी एक्सटी संगणकात १० मेगाबाइटची स्थिर तबकडी आली आणि प्रणाली व धन्याचे कागदपत्र एकाच छपराखाली नांदू लागले. पुनर्स्थापनातील खरा धोका येथून सुरू होतो. विंडोज ९५ (१९९५) पासून प्रणालीची व उपयोजनांची मांडणी ‘रजिस्ट्री’ या सामाईक नोंदसंग्रहात साठू लागली. मंदपणाचा दोष पुष्कळदा या संग्रहाला दिला गेला, तो काहीसा अतिरंजित आहे. संगणक सुरू होताच आपोआप चालणाऱ्या आज्ञावल्या, परस्परांशी न जुळणारे चालक (ड्रायव्हर) आणि विषाणू ही अधिक प्रबळ कारणे होत. पुनर्स्थापनाने ती सर्व एकदम नाहीशी होतात. मूळ दोष कोणता होता, हे मात्र कळत नाही. तबकडीच झिजत असेल, तर पुनर्स्थापनानंतर चार दिवस बरे वाटते आणि दोष पुन्हा डोके वर काढतो. शिवाय या नव्या लेखनाने जुने कागदपत्र परत मिळण्याची शक्यताही घटते.

विंडोज ८ (२०१२) मध्ये सर्व काही पुसण्याच्या पर्यायाजोडीला वैयक्तिक संचिका राखून प्रणाली नवी करण्याची सोय आली. मात्र बाहेरून आणून बसविलेली जुन्या धर्तीची उपयोजने तीत काढून टाकली जात व त्यांची यादी पडद्यावर ठेवली जाई.