फेरोव्हॅनेडियम : पोलादाला बळ देणारे मूठभर दाणे

पेडणे तालुक्याच्या पूर्व टोकाला, महाराष्ट्राच्या सीमेलगत वसलेल्या इब्रामपूरसारख्या गावात 'फेरोव्हॅनेडियम' हा शब्द कानावर पडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. मात्र दुचाकी दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील पाना निरखून पाहिल्यास त्यावर पुष्कळदा 'क्रोम व्हॅनेडियम' अशी अक्षरे उमटवलेली दिसतात. वाहनांच्या स्प्रिंगा, यंत्रांचे दात्रे, पुलांचे पोलादी भाग आणि बांधकामाच्या काही सळया यांच्या बळकटीमागेही हाच धातू असतो. पोलादात तो मिसळला जातो तो मुख्यतः फेरोव्हॅनेडियमच्या दाण्यांच्या रूपाने.

धातूचा शोध

मेक्सिकोत 1801 मध्ये आंद्रेस मानुएल देल रिओ या खनिजतज्ज्ञाला हे मूलद्रव्य प्रथम आढळले. परंतु ते क्रोमियमच असल्याचे मत पुढे आल्याने त्याने आपला दावा मागे घेतला. 1830 मध्ये स्वीडनच्या निल्स गाब्रिएल सेफस्ट्रोम याला लोखंडात ते पुन्हा सापडले. त्याच्या संयुगांचे मनोहर रंग पाहून 'व्हॅनाडिस' या उत्तर युरोपीय सौंदर्यदेवतेवरून त्याला व्हॅनेडियम हे नाव मिळाले. 1908 मध्ये आलेल्या फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' मोटारीत व्हॅनेडियमयुक्त पोलाद वापरले गेले आणि हलक्या तरीही दणकट पोलादाची ख्याती सर्वदूर पसरली.

दाणे कसे तयार होतात?

फेरोव्हॅनेडियम हा लोह आणि व्हॅनेडियम यांचा मिश्रधातू. सुमारे 50 टक्के आणि सुमारे 80 टक्के व्हॅनेडियम असलेले त्याचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. व्हॅनेडियमचे ऑक्साइड, अॅल्युमिनियम आणि लोखंडाचे तुकडे एकत्र करून अभिक्रिया घडवली जाते. अॅल्युमिनियम ऑक्सिजन ओढून घेते आणि त्यातून निर्माण होणाऱ्या प्रचंड उष्णतेने धातू वितळून तळाशी बसतो. वर तरंगणारी मळी वेगळी केली जाते. थंड झालेला गोळा फोडून, चाळून त्याचे ठराविक आकाराचे दाणे व खडे केले जातात.

आकाराला येथे मोठे महत्त्व आहे. भुकटी फार बारीक असल्यास ती धुळीवाटे उडते किंवा मळीतच अडकून वाया जाते. खडे फार मोठे असल्यास ते विरघळण्यास वेळ लागतो. 80 टक्के प्रकार पोलादाच्या रसाच्या नेहमीच्या तापमानाला, म्हणजे सुमारे 1600 अंश सेल्सिअसला, वितळत नाही. तो हळूहळू विरघळतो. त्यामुळे एकसारखे दाणे असले, तरच मिश्रण सर्वत्र सारखे होते.

चिमूटभर मात्रा, मोठा परिणाम

एक टन पोलादात 0.05 टक्के व्हॅनेडियम हवे असल्यास 500 ग्रॅम धातू लागतो. 80 टक्के प्रकारचे 625 ग्रॅम दाणे त्यासाठी पुरतात. प्रत्यक्षात होणारी घट धरून ते थोडे अधिक टाकावे लागतात. पोलाद थंड होताना व्हॅनेडियम हे कार्बन व नायट्रोजनशी संयोग पावून अतिसूक्ष्म कण तयार करते. हे कण पोलादाचे स्फटिक बारीक ठेवतात आणि ताण आल्यावर धातूच्या अंतर्गत थरांचे सरकणे रोखतात. साहजिकच तेच वजन पेलण्यास कमी पोलाद पुरते.

या सूक्ष्म मात्रेचे मोल 2018 मध्ये जगाला कळले. चीनने सळयांचे मानक कठोर केल्याने व्हॅनेडियमची मागणी वाढली, त्याचे भाव कडाडले आणि अनेक कारखाने नायोबियम या पर्यायाकडे वळले.

गोव्याचे लोखंड आणि व्हॅनेडियम

डिचोली तालुका लोहखनिजासाठी प्रसिद्ध आहे आणि तेथील आमोणे येथे पिग आयर्नही तयार होते. मात्र गोव्याचे खनिज प्रामुख्याने हेमेटाइट प्रकारचे आहे, तर व्हॅनेडियम मुख्यतः टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटमधून मिळते. चीन, रशिया व दक्षिण आफ्रिका हे त्याचे प्रमुख उत्पादक होत. भारतात कर्नाटक, ओडिशा आणि महाराष्ट्रात अशा खनिजाची नोंद आहे. तथापि येथे व्हॅनेडियम मिळते ते बहुतांशी बॉक्साइटवर प्रक्रिया करताना निघणाऱ्या गाळातून आणि वापरून झालेल्या उत्प्रेरकांतून. गोव्याच्या भूमीतून लोखंड बाहेर जाते, त्याला उच्च बळ देणारा घटक मात्र अन्यत्र मिसळला जातो आणि मूल्यवृद्धीचा लाभही तेथेच राहतो.

दक्षता

व्हॅनेडियमच्या ऑक्साइडची धूळ श्वसनमार्गाला घातक असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचा समावेश 'संभाव्य कर्करोगकारक' गटात केला आहे. त्यामुळे दाणे फोडणाऱ्या व चाळणाऱ्या कामगारांसाठी धूळशोषक यंत्रणा आणि योग्य मुखपट्टी अत्यावश्यक ठरते.

घर बांधणाऱ्याने सळईत व्हॅनेडियम आहे का, हे विचारण्याची गरज नाही. बहुतेक सळयांना पाण्याने झटपट थंड करून बळ दिलेले असते आणि भारतीय मानक 1786 नुसार व्हॅनेडियमसारखे घटक मिसळणे ऐच्छिक आहे. सळईवरील मानक चिन्ह व 'एफई 500 डी' सारखी श्रेणी पाहावी आणि चाचणीचा दाखला मागावा. यातील 500 हा आकडा सळई कायमची वाकू वा ताणू लागण्यापूर्वी दर चौरस मिलिमीटरला किमान किती न्यूटन ताण सोसते, हे सांगतो. मात्र बळकट सळई म्हणजे न गंजणारी सळई नव्हे. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत काँक्रीटचे पुरेसे आवरण नसेल, तर सर्वांत मजबूत सळईलाही गंज चढतोच.