निलगिरीचा काटेरी सरडा

२७. घोरपडीचे पिल्लू : दोड्डबेट्टाच्या झुडपात लेखकाला दिसलेला प्राणी म्हणजे घोरपडीचे पिल्लू नव्हे. मानेवर काट्यांचा तुरा, दोन्ही बाजूंनी चपटे अंग आणि हिरवट पाठीवर तपकिरी पट्टे हे वर्णन सेलिआ हॉर्सफील्डी या सरड्याशी जुळते. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८४५ मध्ये ही जात नोंदवली आणि थॉमस हॉर्सफील्ड या निसर्गतज्ज्ञाचे नाव तिला दिले. बागेतल्या नेहमीच्या सरड्याप्रमाणे तिचे कुळ अ‍ॅगामिडी. घोरपडीचे कुळ वेगळे आणि जीभ लांब, दुभंगलेली.

याच प्रजातीची दुसरी जात, सेलिआ अनामलायाना, बेडम यांनी १८७८ मध्ये अनैमलै डोंगरातून वर्णिली. तेव्हा त्यांनी तिला लोफोसेलिआ या निराळ्या प्रजातीत घातले होते. दोन्ही जाती पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडील उंच डोंगरांतल्याच. पलनी डोंगरांतून दोन्हींच्या नोंदी असल्यामुळे तिथे केवळ ठिकाणावरून निवाडा होत नाही. रंगही भरवशाचा नाही, कारण तो बदलतो. खरी खूण नराच्या तुऱ्यात : हॉर्सफील्डीत मानेचा तुरा आणि पाठीचा तुरा यांच्यामध्ये खंड असतो, अनामलायानात तो सलग जातो. शिवाय या दोन्ही जातींच्या कुशीवरचे खवले लहानमोठे, विषम असतात. बागेतल्या सरड्याचे एकसारखे. ब्रिटिशांनी निलगिरीत आणलेल्या पिवळ्या फुलांच्या काटेरी गॉर्स झुडपांतही हॉर्सफील्डी राहतो, म्हणून उटीच्या आसपास तो शोला जंगलाबाहेरही दिसतो. — संपा.