परवलीचा शब्द: रोमन छावणीपासून ओटीपीपर्यंत

 

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "कर्नल साहेब, फोनवरची आणि क्रिप्टोची खाती हॅकरपासून वाचवायची कशी?" उत्तर देणार आहे, पण इतिहासाच्या वाटेनं. कारण हा प्रश्न मोबाइलपेक्षा फार जुना आहे.

जुन्या पलटणींत रात्री पहाऱ्यावरचा शिपाई अंधारात कोणी दिसलं की "हुकुमदार!" असं ओरडायचा. हा इंग्रजी "हू कम्स देअर"चा आपल्या जिभेवर झालेला अपभ्रंश. आमच्या काळात "थम! कौन आता है?" असं होतं. विचारायचं तेच: तू कोण, आणि ते खरं कशावरून? परवलीचा शब्द सांगता आला तर आत, नाही तर तिथेच उभा.

ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानं रोमन छावणीतली पद्धत लिहून ठेवली आहे. सूर्यास्ताला त्या रात्रीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून दिला जाई. पाटी एका तुकडीकडून दुसरीकडे, साक्षीदारांसमोर, हातोहात फिरे आणि अंधार पडण्याआधी अधिकाऱ्याकडे परत येई. एखादी परत आली नाही, तर तिच्यावरच्या खुणेवरून ती कुठल्या भागात अडकली ते कळे आणि जबाबदार माणसाला शिक्षा होई. म्हणजे शब्द गुप्त ठेवणं हे अर्धंच काम. तो कोणाच्या हातातून गेला, हे माहीत असणं हे उरलेलं अर्धं. हे दुसरं अर्धं आज आपण विसरलो आहोत.

आता 1941 साल बघू. जर्मनीचं लॉरेन्झ हे सांकेतिक यंत्र एनिग्मापेक्षाही अवघड होतं. ब्रिटिशांनी ते डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. 30 ऑगस्ट 1941 रोजी एका जर्मन ऑपरेटरनं सुमारे चार हजार अक्षरांचा संदेश पाठवला. पलीकडून कळवलं, नीट मिळाला नाही, पुन्हा पाठव. नियम असा की दुसऱ्यांदा पाठवताना यंत्राची मांडणी बदलायची. या गड्यानं ती तशीच ठेवली आणि टंकायचा कंटाळा म्हणून काही शब्द तोडून लिहिले. दोन्ही संदेश ब्रिटिशांच्या हाती लागले. जॉन टिल्टमन यांनी ते उलगडले आणि बिल टट या तरुण गणितज्ञानं त्यावरून न पाहिलेल्या यंत्राची अख्खी रचना कागदावर मांडली. यंत्र भक्कम होतं. ते चालवणारा माणूस कंटाळला होता.

संगणकावर पासवर्ड आला तो 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये. एकच मोठा संगणक अनेकांनी वेळ वाटून वापरायचा, म्हणून प्रत्येकाला आपला शब्द. 1962 मध्ये तिथल्या एका संशोधक विद्यार्थ्याला मिळालेला वेळ अपुरा पडू लागला. त्यानं काय केलं? पासवर्डची फाइल छापून मागितली आणि यंत्रानं ती मुकाट्यानं छापून दिली! पासवर्ड जन्मला आणि लगेच फुटला.

पुढे लोकांच्या लक्षात आलं की एकट्या पासवर्डवर भागत नाही. मग फोनवर कोड पाठवायचा, म्हणजे ओटीपी. कल्पना वाईट नव्हती, पण एक गफलत झाली. आपण समजतो की कोड आपल्या फोनवर येतो. तो येतो आपल्या नंबरवर. आणि तो नंबर कुठल्या सिमवर चालेल हे ठरतं मोबाइल कंपनीच्या दुकानात, काउंटरमागे बसलेल्या माणसाच्या हातून. तुमच्या तिजोरीचा पहारेकरी तो. त्याला तुम्ही कधी पाहिलेलंही नाही.

अमेरिकेच्या शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे एसईसी. 9 जानेवारी 2024 रोजी तिच्या एक्स खात्यावर बातमी झळकली: बिटकॉइनच्या ईटीएफना मंजुरी मिळाली. बिटकॉइनचा भाव हजार डॉलरहून जास्त उसळला. संदेश खोटा आहे हे कळल्यावर दोन हजारांहून जास्त कोसळला. अलाबामा राज्यातला एक तरुण बनावट ओळखपत्र छापून मोबाइलच्या दुकानात गेला होता. खात्याला जोडलेल्या नंबरचं नवं सिम त्यानं घेतलं, त्यावर आलेले कोड साथीदारांना दिले आणि मोबदला घेतला. त्याला पुढे 14 महिन्यांची कैद झाली. आणखी एक गोष्ट बाहेर आली. खात्यात शिरताना अडचण येते म्हणून संस्थेच्या लोकांनी आदल्या जुलैत दुहेरी पडताळणी बंद करून घेतली होती, आणि ती पुन्हा सुरू करायची राहून गेली होती. लॉरेन्झवरच्या त्या कंटाळलेल्या ऑपरेटरची आठवण होते की नाही?

आता जे सांगतो ते सांगायला जड जातं. माझ्याबरोबर काम केलेले एक सुभेदार साहेब निवृत्तीनंतर गावी राहतात. एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी पत्नीच्या फोनवरून मला फोन केला, नातीच्या शाळेबद्दल विचारायला. बोलता बोलता म्हणाले, "साहेब, माझ्या फोनची रेंज दुपारपासून गेलीय." मी म्हटलं, "टॉवर बंद असेल, सकाळी येईल. झोपा निवांत."

मंडळी, मी आयुष्यभर सिग्नल्समध्ये नोकरी केली. एखादी लाइन अचानक मुकी झाली, तर आधी कारण शोधायचं, हे मी शेकडो जवानांना शिकवलं. आणि त्या रात्री मीच त्यांना झोपायला सांगितलं. कोणीतरी त्यांच्या नावानं नवं सिम काढलं होतं. त्या नंबरवर कोड मागवून मेलचा पासवर्ड बदलला, आणि मेलमधून बाकीच्या खात्यांचे. बँकेतली शिल्लक गेली आणि मुलानं हौसेनं त्यांच्या नावावर घेतलेले बिटकॉइनही गेले.

सोमवारी सकाळी त्यांनी बँकेत तक्रार दिली. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर नुकसान येत नसे. चार महिने खेटे घातल्यावर बँकेचे पैसे मिळाले. बिटकॉइन मिळाले नाहीत. तिथे व्यवहार उलटवणारा मॅनेजरच नाही. ज्याच्या हाती चावी, त्याचा माल. सरकार क्रिप्टोच्या नफ्यावर 2022 पासून 30 टक्के कर घेतं, पण चोरीची भरपाई देण्याची हमी कोणी घेतलेली नाही.

म्हणून आता पहारा आपल्या हातात घ्यायचा. आधी मेलचं खातं मजबूत करा, कारण बाकीची कुलपं त्यातूनच उघडतात. जिथे सोय असेल तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा. त्यातला कोड तुमच्या हातातल्या यंत्रावरच तयार होतो आणि साधारण 30 सेकंदांनी बदलतो. सिम बदललं तरी तो चोराकडे जात नाही. रक्कम मोठी असेल तर यूएसबीसारखी छोटी सुरक्षा चावी मिळते, ती घ्या. क्रिप्टो स्वतःच्या वॉलेटमध्ये असेल तर त्याचे 12 किंवा 24 शब्द कागदावर लिहून कपाटात ठेवा. त्यांचा फोटो काढू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, आणि कोणी कितीही मोठा अधिकारी म्हणून विचारो, सांगू नका. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा.

आणि घरात सगळ्यांना एक हुकूम देऊन ठेवा. फोनची रेंज विनाकारण गेली आणि शेजाऱ्याची त्याच कंपनीची रेंज चालू असेल, तर वाट बघायची नाही. दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला, मग बँकेला कळवायचं. पैसे गेल्याचं दिसलं तर ताबडतोब 1930 वर. रात्र असो, रविवार असो.

सुभेदार साहेबांनी मला कधी दोष दिला नाही. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, पुन्हा पत्नीच्याच नंबरवरून. "साहेब, रेंज गेलीय. कंपनीला कळवून झालंय. या वेळी खरंच टॉवर बंद आहे." मी म्हटलं, "शाब्बास, साहेब. आता झोपा."

जय हिंद.