जुन्या यंत्रांचा जीर्णोद्धार

नवं देऊळ बांधण्यापेक्षा पडक्या देवळाचा जीर्णोद्धार करण्याचं पुण्य मोठं, असं आपल्यात म्हणतात. संगणकाच्या जगातही जीर्णोद्धाराची एक परंपरा आहे. घरातलं जुनं काय ठेवायचं नि काय काढायचं हे बहुतेक आपल्यालाच ठरवावं लागतं, म्हणून तिचा इतिहास आपण बायकांनी माहीत करून घ्यावा.

प्रिंटर धडधाकट असतो, पण नव्या संगणकाला तो ओळखूच येत नाही. दोघांमधला दुभाषा हरवलेला असतो. ह्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. कंपनीने तो नव्या प्रणालीसाठी लिहिला नाही, की चालतं यंत्र भंगारात जातं.

1980च्या सुमारास अमेरिकेत एमआयटी ह्या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन काम करत होते. झेरॉक्सच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सूचना मिळावी, एवढीच सोय त्यांना करायची होती. पण त्याचा मूळ प्रोग्राम त्यांना मिळाला नाही. हा नकार त्यांच्या मनाला लागला. 1983 मध्ये त्यांनी सर्वांना खुल्या असलेल्या प्रणालीचा संकल्प जाहीर केला. 1991 मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी आपल्या 386 संगणकावर लिनक्स लिहायला घेतलं. त्याचा मूळ प्रोग्राम कोणालाही वाचता नि सुधारता येतो, त्यामुळे कंपनीने टाकलेल्या यंत्राचा ड्रायव्हर दुसरा कोणी सांभाळू शकतो.

पण खुलं आहे म्हणून आपोआप टिकत नाही हो! लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. आतली रचना बदलली की ड्रायव्हरही बदलावे लागतात. त्यासाठी नाव लावून जबाबदारी घेणारा माणूस लागतो, आणि तपासायला ते यंत्र चालू असावं लागतं. 2008 पासून कच्च्या ड्रायव्हरांसाठी 'स्टेजिंग' नावाची एक ओसरी आहे. नीटनेटका झालेला ड्रायव्हर तिथून माजघरात जातो. ज्याच्याकडे कोणी बघत नाही, तो बाहेर काढला जातो.

नुसत्या मायेने तिथे काही टिकत नाही. ज्या 386 वर लिनक्स जन्मलं, त्याचाच आधार डिसेंबर 2012 मध्ये काढला गेला. 2019 मध्ये फ्लॉपीचा ड्रायव्हर 'अनाथ' ठरवला गेला, कारण सांभाळणाऱ्याकडे चालू यंत्रच उरलं नव्हतं. तरी तो काढला नाही, आणि पुढे दुसऱ्याने भार उचलला.

आपल्याला ह्यात परकं काय आहे? मूडबिद्रीला धवला ग्रंथाची ताडपत्रं शतकानुशतकं जपलेली होती, पण जुन्या कानडी लिपीत. ती वाचणारे मोजकेच. सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि इतरांच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकला सुरू झाल्या, आणि 1939 मध्ये हिरालाल जैन ह्यांनी अमरावतीहून पहिला खंड छापला. कोणी तरी वर्षानुवर्षं चिकाटी धरली, म्हणून तो ग्रंथ आज आपल्या हाती आहे.

अपरिग्रह म्हणजे नुसतं टाकून देणं नव्हे. मानपुरसारख्या गावात जुना संगणकही एखाद्या मुलीच्या अभ्यासाला पुरतो. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्यावर लिनक्स चालतं का, ते जाणत्या मुलामुलींकडून बघून घ्या. एखादा भाग चालला नाही, तर त्याचं नाव नि नंबर लिनक्सवाल्यांना कळवायला सांगा. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला अशा खबरीचा मोठा आधार असतो.